दार लावून द्यायची परीक्षा

तुम्ही मला चोर ठरवलंत. परीक्षेभर माझ्या डोळ्यांत डोळे घालून बघितलंत आणि चोर ठरवलंत. म्हणजे बघत होतं तुमचं यंत्र, आणि त्याला जे जे कळलं नाही ते सगळं त्यानं लबाडी म्हणून नोंदवलं. "परीक्षार्थीस बाहेरून तोंडी मदत मिळाल्याचे आढळले." एवढं एक वाक्य मला आलं. खाली कुणाचं नाव नाही. 'परीक्षा शुद्धता कक्ष' असं लिहिलेलं. ज्याला स्वतःचं नाव लिहायची लाज वाटते त्यानं दुसऱ्याच्या शुद्धतेबद्दल बोलू नये असं माझं मत आहे. पण मत मांडायला तुम्ही जो चौकोन ठेवलाय त्यात माझं अर्धं वाक्यसुद्धा मावलं नाही. म्हणून सगळं इथं लिहिते, चारचौघांसमोर.

मी दिपा घरत. पनवेलला चिकटलेल्या एका गावठाणात राहते आणि उलव्यात कृष्णकांत शेठच्या टाइल्स आणि बाथरूमच्या सामानाच्या शोरूममध्ये अर्धा दिवस काम करते. उरलेल्या अर्ध्या दिवसात बी. ए. करते. मेजर इतिहास कॉलेजात, मायनर बिझनेस तुमच्याकडे ऑनलाइन. इतिहास मी आवडीनं घेतला. मायनर शेठमुळे घेतला.

शेठ दसऱ्याला पळस्प्याला, हायवेच्या फाट्यावर, नवीन शाखा उघडतायत. तिथं सगळं सांभाळायला माणूस पाहिजे. शेठ मला म्हणाले, "दिपा, माझी ना नाही. गिऱ्हाईक तुझ्याशी बोलतं, माझ्याशी भांडतं. पण दुकान दोघांचं आहे आणि दादाला कागद लागतो. बिझनेसचं काहीतरी शिकलीस असं दाखव, पळस्प्याची चावी तुझी. नाहीतर दादाचा धनेश आहेच."

धनेश म्हणजे शेठचा पुतण्या. पोरगा वाईट नाही. त्याला फक्त कोणत्याही वस्तूची किंमत, नाव आणि उपयोग यातलं काही लक्षात राहत नाही. एकदा त्यानं एका बाईंना पाय धुवायचं म्हणून युरिनल दाखवलं होतं.

तर मला तुमचा कागद पाहिजे होता. म्हणून मी काउंटरवर एका कानात इअरफोन घालून तुमची लेक्चरं ऐकली. तुमचे सर पुस्तकांच्या कपाटासमोर उभे राहून लिंबूसरबत विकतात. सगळं शिक्षण लिंबूसरबतावर. मागणी वाढली तर लिंबूसरबत, स्पर्धा आली तर शेजारी दुसरं लिंबूसरबत. मी तक्रार केली नाही. एका कानात लिंबूसरबत आणि दुसऱ्या कानात "ताई, हा नळ घातला तर पाण्याचा फोर्स येईल का" असं घेऊन मी सगळे पेपर पास झाले. राहिला शेवटचा, 'ग्राहक वर्तन'. तो दिला की मायनर पूर्ण, डिग्री पूर्ण, पळस्पे माझं.

त्या पेपरपासून तुम्ही नियम बदललेत. परीक्षा घरून, पण खोलीत एकटं बसायचं. दार बंद. कॅमेरा चालू, माइक चालू. चेहरा समोर. बोलायचं नाही, मान वळवायची नाही. कच्च्या कामाला एक कोरा कागद आणि पेन चालेल.

तुमच्यापैकी ज्या कुणी हा नियम लिहिला, त्यांच्या घरात दारं बरीच असणार.

आमच्या घराला पुढची खोली आणि मागे स्वयंपाकघर. नेट येतं ते फक्त पुढच्या खोलीत. आणि पुढच्या खोलीचं दार आमच्या आळीत सकाळी उघडतं ते दिवेलागणीनंतर रात्री निजतानाच लागतं. दिवसा कुणी दार लावत नाही. दिवसा दार लागलं तर आळीला दोनच कारणं ठाऊक आहेत. एक, घरात मयत झाली आणि रडणं अजून सुरू व्हायचंय. दोन, बहिणीकडून सही घेतायत.

हे दुसरं तुम्हाला सांगावं लागेल, कारण तुमच्या लिंबूसरबतात ते नाही. इकडे जमिनीचा तुकडा विकायचा ठरला की बहिणीला माहेरी गोडीनं बोलावतात. मटण करतात. मग दार लावतात आणि तिच्यापुढं हक्कसोडीचा कागद ठेवतात. माझा हिस्सा मी भावाला सोडला, अशी सही. आमच्या शेजारच्या भीमाबाई काकीची सही अशीच घेतलेली. तिला जमिनीचा आकार नीट सांगता येत नाही, पण त्या मटणात मीठ कमी होतं हे ती अजून सांगते.

परीक्षेच्या दिवशी मी काय केलं ते ऐका. आयला, म्हणजे माझ्या आईला, भाजी आणायला बाजारात पाठवलं, कारण ती घरात असली की माझ्याशी बोलल्याशिवाय राहत नाही. भाऊ अनंता पाण्याचा टँकर चालवतो; त्याला मी त्या दुपारी हातापाया पडून थांबवून घेतलं आणि ओटीवर बसवलं. त्याला सांगितलं, कुणाला आत सोडायचं नाही आणि मोठ्यानं बोलायचं नाही. अनंता माझ्यापेक्षा मोठा आहे, अंगानं तर फारच मोठा आहे. तो दाराला पाठ लावून, हाताची घडी घालून बसला. त्याला वाटलं आपण बहिणीच्या शिक्षणाला हातभार लावतोय. बाहेरून बघणाऱ्याला काय वाटेल याचा विचार आम्हा दोघांनाही सुचला नाही.

पहिले प्रश्न झाले. मग ओटीवरून आवाज आला.

"अनंता, दार कनाला लावलंस रं?" भीमाबाई काकी.

"दिपा आत हाय."

"काय करते?"

"लिवते."

"काय लिवते?"

"मना बोलायचा नाय सांगलाय."

"कोनी सांगला?"

"तिकडच्या मानसांनी. ते बघतान तिला, आतमदी."

"आन् तुजी आय?"

"ती बाजारात धाडली."

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. अनंताला खोटं बोलता येत नाही, हाच त्याचा दोष.

काकी गेली. मला वाटलं सुटले. ती समोरच्या साळूमावशीला आणायला गेली होती. दोघी खिडकीशी आल्या. पडदा मी ओढला होता, पण तो आमच्या जुन्या खिडकीचा पडदा, नव्या खिडकीला आखूड पडतो. त्यांना दिसलं ते असं: दिपा पाटावर बसलीय, पुढं कागद, हातात पेन, कुणाकडे बघत नाही, हाक मारली तरी ओ देत नाही आणि डोळ्यांतून पाणी येतंय. पाणी येणारच. तुमचं यंत्र म्हणतं नजर हलवू नका. मी पापणी लवायलासुद्धा घाबरत होते आणि पंखा तोंडावर होता.

"रडते गो पोरगी," साळूमावशी म्हणाली.

"दिपा," काकी खिडकीतून म्हणाली, "सही करू नको."

मी मान हलवली. म्हणजे, तसं काही नाही, जा. तुमच्या यंत्रानं लाल चौकटीत लिहिलं, 'मान हलवू नये.' काकीनं त्याचा अर्थ काढला की पोरीला बोलायचीसुद्धा चोरी आहे.

"बापाच्या जमिनीत तुजा पन हिस्सा हाय. काय बी सांगू देत. सही करू नको."

आता आमची जमीन काय, तर खाडीच्या बाजूला एक चिंचोळी पट्टी. भरतीला ती अर्धी दिसते. पण आळी गोळा व्हायला तेवढी पुरते. माझ्या पाठीमागे ओटीवर बायकांचे आवाज वाढत गेले आणि माझ्यासमोर प्रश्न आला, 'ग्राहकाच्या निर्णयावर समूहाचा प्रभाव स्पष्ट करा.' मी लिहायला लागले. खरं सांगते, इतकं सोपं मला कधी गेलं नव्हतं.

"आवाज करू नका," अनंता कळवळून कुजबुजत होता. "तिचा नुकसान होल."

"नुकसान तर तूच करतस, मेल्या. एक बहीन हाय तुला."

"मी कंय केला? मी बसलोय फक्त."

"आमचा भाऊस पन बसलाच होता फक्त."

मग दार. आमच्या दाराची कडी आजोबांच्या वेळची नाही, पनवेलच्या बाजारातली आहे. ती एका धक्क्यात निघाली. काकी आत आली ती थेट माझ्यापाशी आणि माझ्यापुढचा कच्च्या कामाचा कागद तिनं उचलला. त्यावर मी मागणीची रेघ काढली होती, एक आडवी, एक उभी, मधून तिरकी.

"बघ गो साळू," काकी म्हणाली, "नकाशा पन काढून घेतलाय हिच्याकडनं."

साळूमावशीनं बघितलं. "ही रस्त्याची रेघ ना?"

"रस्ताच. म्हंजे आपल्या कुंपनाला लागून आला."

मग काकीनं तो कागद तुमच्या कॅमेऱ्यासमोर धरला, आणि स्क्रीनवर माझ्या थोबाडाच्या जागी स्वतःचा चेहरा बघून तिची खात्रीच पटली की पलीकडे कुणीतरी बसलंय. "तुमी कोन?" तिनं तुम्हाला विचारलं. "वकील काय? पोरीला एकटी गाठून सया घेता? समोर या."

कक्षातल्या लोकांनो, तुम्ही तेव्हा समोर आला नाहीत. एक लाल चौकट आली आणि परीक्षा बंद झाली.

संध्याकाळी काकी तळलेले बोंबील घेऊन आली. "मना काय म्हाईत गो परीक्षा," म्हणाली. थोडा वेळ बसली. जाताना दारात थांबून म्हणाली, "पन सही नाय ना केलीस?"

दुसऱ्या दिवशी तुमचं ते 'तोंडी मदत'वालं वाक्य आलं, त्यावर मी तुमच्या मदत कक्षाला लिहिलं. तिकडून देवेश नावाचा कुणीतरी बोलतो. माणूस आहे की नुसतं नाव, ते अजून कळलेलं नाही. मी सगळं लिहिलं: दार, काकी, हक्कसोड. देवेश म्हणाला, "तुमची गैरसोय आम्ही समजू शकतो." मी विचारलं, काय समजलं ते सांग. देवेश म्हणाला, "तुमची गैरसोय आम्ही समजू शकतो." पण एक केलं त्यानं, फेरपरीक्षेची तारीख दिली. "यावेळी कृपया एकांत असलेली खोली निवडा," असंही लिहिलं. निवडा, म्हणे. जसं काही माझ्यापुढं खोल्या ओळीनं मांडल्यात आणि मी बोट ठेवायचं तेवढं बाकी आहे.

मी निवडायला निघाले. वाचनालयात अभ्यासिका आहे, शांत आहे, पण तिथं माझ्यासारखीच चाळीस पोरं बसतात. तुमच्या यंत्राला ती सगळी माझी साथीदार दिसली असती. कॉलेजात विचारलं तर म्हणाले ऑनलाइन परीक्षा आहे, ऑनलाइनच द्या. मैत्रीण रुचिराच्या सोसायटीत स्वतःची वेगळी खोली आहे तिला, पण त्या खोलीत तिचे आजारी आजोबा झोपतात आणि झोपेत जुन्या ऑफिसातल्या लोकांवर ओरडतात.

शेवटी मी पळस्प्याच्या बाजूला एका लॉजवर गेले. काउंटरवरच्या माणसानं आधार मागितलं. दिलं. त्यानं पत्ता वाचला.

"पनवेलच्याच ना तुम्ही?"

"हो."

"लोकल आयडीवर रूम देत नाही."

"का?"

"पनवेलचा माणूस पनवेलला रूम कशाला घेईल?"

"परीक्षा द्यायला."

त्यानं माझ्याकडे नीट बघितलं. "सोबत कोण आहे?"

"कुणी नाही. कुणी नको, तेच तर पाहिजे."

"मागून कोण येणार?"

"कुणी आलं तर मी नापास होईन."

"म्हणजे एकट्या. दार लावून. दोन तास."

"हो."

त्यानं आधार कार्ड दोन बोटांनी माझ्याकडे सरकवलं. "ताई, इथं फॅमिली येतात."

तुम्ही म्हणता एकटी बस, जग म्हणतं एकटी का बसतेस. तुम्ही दोघं एकदा भेटून ठरवा.

तेव्हा मला आमच्या शोरूममधलं इटालियन आठवलं.

टाइल्सच्या दुकानात तुम्ही गेला असाल तर तुम्हाला माहीत असेल; गिऱ्हाईकाला कल्पना यावी म्हणून खरीखुरी बाथरूम बांधून ठेवतात. आमच्याकडे वरच्या माळ्यावर तीन आहेत. इटालियन, जपानी आणि राजवाडा. आत सगळं असतं: कमोड, बेसिन, आरसा, शॉवर, दिवे. फक्त पाइप नसतो. मागे भिंत आहे आणि भिंतीमागे आमचं गोदाम. कमोडवर पट्टी चिकटवून आम्ही लिहितो, 'केवळ पाहण्यासाठी.' तरीपण वर्षातून एखादा माणूस वाचायच्या मनःस्थितीत नसतो, आणि पाइप जोडलेला नाही हे त्याला फार उशिरा कळतं. तशी माणसं वेळेत ओळखून मागच्या गल्लीतल्या संडासाकडे वळवणं हे शोरूममधलं माझं मुख्य काम आहे. नळ तर धनेशही विकतो कधी कधी.

तर इटालियनला दार आहे. लागणारं दार.

शेठना विचारलं. शेठ आधी वर जाऊन दार लावून बघून आले. मग म्हणाले, "झाकण लावून बस. पट्टी काढू नको. आणि गिऱ्हाईक आलं तर?"

"बुधवारी दुपारी कोण येतं?"

"येत नाही," शेठ म्हणाले. "धनेशला खाली बसवतो."

मी झाकणावर बसले, बेसिनवर लॅपटॉप ठेवला. तुमच्या यंत्रानं आधी खोली फिरवून दाखवायला सांगितलं. दाखवली. यंत्र म्हणालं, 'दुसरी व्यक्ती आढळली.' मी घाबरून मागे बघितलं. आरशात मीच होते. इटालियनमध्ये तीन बाजूंना आरसे आहेत. मी एकावर ओढणी टाकली, दुसऱ्यावर टाकायला शेठचा दुकानात ठेवलेला शर्ट खालून आणला, तिसऱ्यावर नव्या शॉवरचा पडदा लावला. मग यंत्राला मी एकटी पटले.

पेपर सुरू झाला. शांतता अशी की मला स्वतःचा श्वास ऐकू येत होता. पहिल्यांदा वाटलं, अशा खोलीत जी माणसं शिकतात ती पहिली येतात यात नवल काय.

मग जिन्यावर पावलं वाजली.

ती माणसं कोण ते मला नंतर कळलं. विश्वजीत आणि वसुंधरा, पुण्याहून आलेले, उलव्यात फ्लॅट घेतलाय, बाथरूम नव्यानं करायचंय. सोबत विश्वजीतचे वडील, कमळाकरकाका. पुण्याहून निघाल्यापासून गाडी कुठं थांबवली नव्हती.

"हे बघ ना, इटालियन," वसुंधराचा आवाज, आणि दार उघडलं.

मी झाकणावर बसलेली, मांडीवर कागद, नजर समोर. मला मान वळवता येत नव्हती. बाजूनं एक दीर्घ श्वास ऐकू आला.

"अय्या, सॉरी, सॉरी." दार बंद.

"काय झालं?" विश्वजीत.

"आत कुणीतरी आहे."

"म्हणजे चालू आहे ना," काका म्हणाले. त्यांच्या आवाजात जीव आला. "मी थांबतो. तुम्ही बघा बाकीचं."

यंत्र म्हणालं, 'चेहरा अनोळखी आढळला. पहिली सूचना.' माझ्यापुढं प्रश्न होता, 'ग्राहकाची अव्यक्त गरज म्हणजे काय, उदाहरणासह लिहा.'

दारावर टकटक झाली. हळू, सभ्य.

"ताई, वेळ लागेल का?"

मी लिहीत राहिले.

थोड्या वेळानं परत टकटक, जरा कमी सभ्य. "ताई, मी घाई करत नाही. पण अंदाज दिलात तर बरं."

तेवढ्यात धनेश वर आला. मला वाटलं, देव पावला.

"काका, आत मॅडम परीक्षेला बसल्यात," धनेश म्हणाला.

"बसल्यात ते कळलं. किती वेळ?"

"दोन तास."

काकांनी भिंतीला हात टेकला. "दोन तास?" ते म्हणाले. "त्यांना डॉक्टरला दाखवा."

"नाही, दर सहा महिन्यांनी असते."

"बाबा, तुम्ही ऐका ना," विश्वजीत म्हणाला, "खाली चहावाल्याकडे विचारू."

"मला जिना उतरवणार नाही आता."

आणि मग धनेशनं, त्याच्या आयुष्यात पहिल्यांदा, गिऱ्हाईकाची गरज ओळखली. "काका," तो म्हणाला, "जपानी रिकामं आहे."

मी पेन खाली ठेवलं. मधे फक्त एक पातळ भिंत. जपानीचं दार उघडल्याचं ऐकू आलं. जपानी आमचं सगळ्यात महागातलं, परदेशातून आलेलं, सीट आपोआप वर होते. ती वर झाल्याचा मंजुळ आवाजसुद्धा ऐकू आला. त्याच्यामागे पाइप नाही, गोदामातली सिमेंटची गोणी आहे. पट्टा सोडल्याचा खळखळाट.

आता तुम्ही सांगा मी काय करायला पाहिजे होतं. गप्प बसले तर तुमचा पेपर वाचतो. आणि जपानी जातं, काकांची अब्रू जाते, शेठचं दुकान आठवडाभर धुवावं लागतं, आणि धनेशचे वडील म्हणतात, ही वर बसलेली असताना हे झालंच कसं. बोलले तर पेपर जातो. पळस्पे दोन्हीकडून जात होतं.

मी मान वळवली नाही. चेहरा समोर ठेवला, तुमच्या नियमाप्रमाणे. आणि भिंत हलेल अशा आवाजात म्हणाले, "काका, थांबा. त्याला पाइप नाही. धनेश, काकांना मालाच्या लिफ्टनं खाली ने, मागच्या गल्लीत, हिरवं दार."

पलीकडे पट्टा परत आवळला गेला. मग काकांचा बारीक आवाज आला, "ही कुठून बोलली?"

मग लिफ्टचा आवाज. काका वेळेत पोचले. मी उरलेला पेपर लिहिला. अव्यक्त गरज मी अशी लिहिली की कुठल्याच लेक्चरमध्ये तशी सापडणार नाही. यंत्र तोवर लाल चौकटींनी भरून गेलं होतं, पण पेपर त्यानं घेतला.

मी बाहेर आले तर तिघं इटालियनच्या बाहेर उभे. काकांनी हात जोडले. "तुम्ही नसतात तर," म्हणाले आणि जपानीकडे पाठ करून उभे राहिले. वसुंधरानं आत डोकावून विचारलं, "ओढणी आणि शर्ट सेटमध्ये येतात का?" मी म्हटलं, नाही, ते माझे आणि शेठचे आहेत. ती ज्या नजरेनं बघायला लागली, त्यावर मी तिला नंतर खूप वेळ समजावत बसले. त्यांनी इटालियन घेतलं. जपानीला काका दोन्ही हातांनी नको म्हणाले.

शेठ खूश. पण त्यांचे दादा म्हणाले, "विक्री धनेश खाली असताना झाली." आणि कागद दाखवा, म्हणाले.

कागद आलाच नाही. आलं ते सुनावणीचं बोलावणं. ऑनलाइन. तुम्ही तिघं होतात. एक गाडीत बसले होते आणि ड्रायव्हरला मधूनमधून डावीकडे घ्यायला सांगत होते. एकांच्या मागून घरातली मंडळी ये-जा करत होती.  तिसऱ्या बाई मात्र एका बंद खोलीत होत्या. लांबलचक टेबल, रिकाम्या खुर्च्या, एसी, आणि मागे एक जाड लाकडी दार, पूर्ण लावलेलं. मी सुनावणीभर त्या दाराकडेच बघत होते.

बाईंनी विचारलं, "पहिल्या परीक्षेत वारंवार 'सही करू नको' असा आवाज येतो. हे कोणत्या प्रश्नाचं उत्तर होतं?"

"कोणत्याच नाही. ती आमची काकी."

"मग ती का सांगत होती?"

"कारण तिनं केली होती."

गाडीतले म्हणाले, "दुसऱ्या परीक्षेत तुम्ही स्वतः बोललात. 'हिरवं दार' हा काय संकेत आहे?"

"संडास आहे, सर."

"आणि परीक्षा तुम्ही कुठून देत होतात?"

"तीपण संडासातून. पण तो खरा नाही."

यावर तुम्ही तिघांनी आपापले माइक बंद केलेत. तुमची तोंडं हलताना मला दिसत होती. कुणालाही लाल चौकट आली नाही.

निर्णय काल आला. मी दोषी नाही, असं कुठं लिहिलेलं नाही. दोषी आहे, असंही नाही. दोन्ही पेपर रद्द. "अंतिम संधी" म्हणून येत्या शनिवारी तिसऱ्यांदा बसायचं आहे, "स्वतंत्र, बंद, योग्य अशा खोलीत". योग्य म्हणजे काय ते खाली दिलंय: नातेवाईक नसावेत, शेजारी नसावेत, आरसा नसावा, स्वच्छतागृह नसावं. दसरा त्याच्या पुढच्या आठवड्यात आहे. धनेश पळस्प्याला जाऊन खुर्चीत बसून बघून आला. उंचीला बरोबर आहे म्हणाला.

माझ्या गावात तुमच्या वर्णनाची खोली नाही. पनवेलमध्ये असेल तर ती माझ्या आधार कार्डाला मिळत नाही. मला एकच खोली ठाऊक आहे, ज्यात नातेवाईक नाहीत, शेजारी नाहीत, आरसा नाही, आणि ती मी स्वतः स्क्रीनवर बघितलेय. त्या बाई ज्या खोलीत बसल्या होत्या ती. शनिवारी तुमचं कार्यालय बंद असतं, म्हणजे ती रिकामीच असणार. मी माझा लॅपटॉप आणीन. पाण्याची बाटली आणीन. तुमच्या एसीला हात लावणार नाही.

ती खोली मला दोन तास देणार आहात की नाही? शनिवारच्या आत लेखी कळवा, आणि खाली नाव लिहा.